बीगलच्या नाकाला काम द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. लाडू हा बीगल जातीचा १४ महिन्यांचा नर कुत्रा, वजन १५ किलो, नसबंदी झालेली. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. तुम्ही दोघं सकाळी साडेदहाला बाहेर पडता आणि साडेपाचला येता, मधे एक वाजता कामाच्या मावशी तासभर असतात. यजमान रोज सकाळी त्याला तासभर जॉगिंगला नेतात, तरी घरी येऊन तो सोफ्याच्या उश्या फाडतो. रस्त्यावर पट्टा इतका ओढतो की तुमचा खांदा धरलाय. मागच्या महिन्यात टेकडीवर मोकळा सोडला तर दोन तास सापडला नाही. ओल्या कचऱ्याची बादली रोज पालथी. आणि घरात एकटा असला की लांब हेल काढून ओरडतो, त्यावरून सोसायटीचं पत्र आलंय. तुम्ही शेवटी विचारलंय, हा हट्टी आहे का, याला अजून किती पळवायचं, आणि नाहीच जमलं तर ओळखीच्या माणसाच्या शेतावर द्यावा का.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य ओघात येऊन गेलंय. सासूबाई दोन महिन्यांपूर्वी नणंदेच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या. सोसायटीचं पत्र सहा आठवड्यांपूर्वीचं आहे. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती मला तीच वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

मी १८ वर्षं कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करतोय आणि माझ्या स्वतःच्या घरात दोन बीगल वाढले. बीगलवाल्या घरांमधून येणाऱ्या तक्रारी जवळजवळ तुमच्यासारख्याच असतात आणि बहुतेक जण एकच उपाय करून दमलेले असतात, तो म्हणजे कुत्र्याला आणखी पळवणं. म्हणून "किती पळवायचं" हा प्रश्न आपण जरा बाजूला ठेवू. लाडूच्या बाबतीत मला दोन वेगळी दुखणी एकमेकांत गुंतलेली दिसतात. एक म्हणजे त्याच्या नाकाला दिवसभर काही काम नाही. दुसरं म्हणजे तो अचानक एकटा पडलाय. उश्या, कचरा, पट्टा, टेकडी हे सगळं पहिल्यातून येतं. ओरडणं बहुधा दुसऱ्यातून.

आधी हा कुत्रा कशासाठी घडवला गेला ते बघा, कारण त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. बीगल इंग्लंडचा. तिथे सशाच्या शिकारीसाठी बीगलांचे कळप पाळत आणि शिकारी त्यांच्या मागून पायी जात. कुत्र्यांचं काम काय, तर जमिनीला नाक लावून सशाचा माग काढायचा, माणसापासून लांब निघून जायचं, वास सुटला तर स्वतःच्या डोक्यानं पुन्हा शोधायचा, आणि माग लागल्यावर मोठ्यानं हेल काढत राहायचं, म्हणजे मागे राहिलेल्या माणसांना दिशा कळते. शेपटीचं टोक पांढरं असतं, तेही उंच गवतात लांबून दिसतं. आता तुमच्या तक्रारी पुन्हा वाचा. नाक खाली, माणसाकडे लक्ष नाही, लांब पळून जातो, हेल काढून ओरडतो. ज्या गुणांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली तेच हे गुण आहेत.

आपल्याकडे लातूर, सोलापूर भागात कारवानी कुत्रा असतो, तोही शिकारीच, पण तो डोळ्यांनी शिकार करतो. लांब हललेला ससा दिसला की सुसाट सुटतो, दोन-चार मिनिटांत खेळ संपतो आणि मग उरलेला वेळ शांत पडून राहतो. बीगलचं तसं नाही. वासाचा माग तासन्‌तास चालतो, म्हणून त्याची बॅटरी तासन्‌तास चालते. आणि लॅब्रेडॉर किंवा अल्सेशियन माणसाच्या तोंडाकडे बघून काम करायला घडवलेले, म्हणून ते हाक मारली की वळून बघतात. बीगलला माणसाच्या तोंडाकडे बघत बसायला कोणी शिकवलंच नव्हतं. हट्टी हा शब्द मी माझ्या क्लासमध्ये कोणाला वापरू देत नाही, कारण तो शब्द आला की पाठोपाठ शिक्षा येते.

त्या नाकाची ताकदही समजून घ्या. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा हवा आत घेतो आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून सोडतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुडकायला बीगल नेमले. एवढ्या गर्दीत, कुलूपबंद बॅगेतला आंबा शोधणारं नाक ते. तेच नाक आपण तिसऱ्या मजल्यावर आणतो, स्टीलच्या वाटीत दाणे ओततो, दोन मिनिटांत जेवण संपतं आणि उरलेला अख्खा दिवस त्याला हुंगायला एक जुना सोफा असतो.

आता जॉगिंगबद्दल. तुमचे यजमान मनापासून करतायत, त्यांना नाउमेद करायचं नाही. पण रोज तासभर एका लयीत पळवलेला तरुण कुत्रा महिन्याभरात त्याला सरावतो. दम वाढतो, म्हणजे आता त्याला थकवायला सव्वा तास लागेल, मग दीड. शिवाय पळताना तो हुंगू शकत नाही. शेकडो वासांच्या बाजूनं त्याला ओढत नेलं जातं आणि एकही वाचायला मिळत नाही. घरी येतो तेव्हा अंग तापलेलं आणि डोकं उपाशी. उश्या फाटतात त्या याच वेळी.

माझा सल्ला असा की आठवड्यातून दोन दिवस जॉगिंग ठेवा, बाकीचे दिवस त्याच वेळात हुंगत फिरणं. ते कसं, तर छातीवर वाय आकार येणारा हार्नेस (गळ्याऐवजी अंगावर बांधायचा पट्टा), त्याला पाच मीटरची साधी दोरी, आणि रस्त्याऐवजी मातीची जागा. आपोआप गुंडाळणारा पट्टा नको. तो सतत ताणलेला असतो आणि त्यातून ओढायचंच शिक्षण मिळतं. गळ्यातल्या पट्ट्याला तर लांब दोरी कधीच लावू नका, धावत जाऊन झटका बसला तर मानेला इजा होते. जागेवर पोचलात की घाई सोडा. तो एका दगडाशी चार मिनिटं थांबला तर तुम्हीही थांबा. दोरी सैल, तुम्ही मागे, तो पुढे. पंचवीस-तीस मिनिटांत माझ्याकडचे बहुतेक बीगल स्वतःहून मंदावतात, घरी येऊन पाणी पितात आणि झोपतात. पहिल्या चार-पाच दिवसांत मात्र हे दिसत नाही. उपाशी माणसासारखा तो आधी अधाशीपणानं हुंगतो, इकडून तिकडे ओढत राहतो. आठवडाभर धीर धरा.

वेळ शक्यतो सकाळी आठच्या आत. मार्च ते जूनमध्ये संध्याकाळी निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

घरातलं काम याहून सोपं आहे आणि माझ्या अनुभवात फरक जास्त त्यानंच पडतो. वाटीत जेवण देणं बंद करा. सकाळचा अर्धा खाऊ बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये फरशीवर विखरून टाका आणि त्याला एकेक दाणा शोधू द्या. तीन-चार दिवसांनी जुना टॉवेल पसरून त्यावर दाणे टाका आणि टॉवेलची सैल गुंडाळी करा. मग ऑनलाइन सामानाची रिकामी खोकी चार-पाच मांडा, खाऊ एकाच खोक्यात. खोकं फाडलं तर फाडू द्या, त्याच्या वाटचं फाडण्याचं काम तिथेच झालं तर उश्या वाचतात. फक्त स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढा आणि तो पुठ्ठा गिळत नाही ना ते बघा.

यानंतर माग काढायचा खेळ. लाडूला बेडरूममध्ये ठेवा. उकडलेल्या चिकनचा तुकडा, शाकाहारी घर असेल तर पनीरचा, दोऱ्याला बांधून स्वयंपाकघरापासून हॉलमधून बाल्कनीपर्यंत जमिनीवरून ओढत न्या, वाटेत एक-दोन वळणं घ्या, आणि शेवटी तुकडा दोऱ्यातून सोडवून कुंडीमागे ठेवा. मग दार उघडा आणि बोलू नका. पहिल्यांदा तो गोंधळेल. मग एकदा नाक खाली जाईल, शेपटी ताठ होईल आणि तो जिथे जिथे तुम्ही वळलात तिथे तिथे वळेल. हे पहिल्यांदा बघताना माझ्या क्लासमधल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलंय. आपल्या कुत्र्याला एवढं काही येतं हे त्यांना माहीतच नसतं.

पुढे जायचं असेल तर खाऊशिवायचा वास शिकवता येतो. छोट्या झाकणाच्या डबीत दालचिनीची काडी आणि कापसाचे बोळे दोन दिवस एकत्र ठेवा. एक बोळा भोकं पाडलेल्या दुसऱ्या डबीत घाला. लाडूनं त्या डबीला नाक लावलं की लगेच खाऊ. दहा-पंधरा वेळा झाल्यावर तशाच दोन रिकाम्या डब्या शेजारी ठेवा. मग डबी पुस्तकांच्या कप्प्यात, चपलांच्या मागे, सायकलच्या चाकाशी. एका वेळी पाच-सात मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा. अत्तरं किंवा तेलं वापरू नका, त्यांचा वास या नाकाला त्रासदायक होतो आणि काही तेलं पोटात गेली तर विषारी असतात.

मधे एक गोष्ट, जी खरं तर सुरुवातीलाच यायला हवी होती. हे सगळं कुत्रा निरोगी आहे असं धरून आहे. लाडूला या आठवड्यात व्हेटकडे नेऊन कान, दात, पोट आणि रक्त तपासून घ्या. लोंबत्या कानांमुळे बीगलांना कानाचा संसर्ग वारंवार होतो आणि कान ठणकणारा कुत्रा चिडचिडा होतो, झोपत नाही. गोचिडातून येणारा ताप पुण्यात वर्षभर दिसतो. थायरॉइड मंदावणं आणि फिट येणं याही गोष्टी या जातीत आढळतात. वागणूक अचानक बदलली असेल तर मी कोणालाही आधी तपासणी केल्याशिवाय क्लासला घेत नाही.

आता पट्टा आणि टेकडी. लांब दोरीवर त्याला हुंगायला मिळू लागलं की रस्त्यावरची ओढाओढ निम्मी कमी होते, कारण त्याला कळतं की आपल्याला वासापर्यंत पोचायला मिळणार आहे. उरलेल्यासाठी साधा नियम: दोरी ताणली की तुम्ही उभ्या राहा, सैल झाली की चाला, आणि मधूनमधून "जा, हुंग" म्हणून त्याला झुडपाकडे तुम्ही स्वतः न्या. त्याला जे हवंय तेच बक्षीस म्हणून द्यायचं. बिस्किटापेक्षा झुडूप मोठं बक्षीस आहे हे बीगल पाळल्यावरच कळतं.

उघड्या टेकडीवर मात्र त्याला मोकळा सोडू नका. आज नको आणि दोन वर्षांनी सगळं शिकल्यावरही नको. माझं हे मत अनेकांना कडक वाटतं, पण ते मी किंमत मोजून बनवलंय. माझी पहिली बीगल चिमी तीन वर्षांची होती, हाक मारली की शंभरात पंच्याण्णव वेळा यायची. एका डिसेंबरमध्ये संध्याकाळी टेकडीच्या मागच्या उतारावर तिला मुंगसाचा वास लागला आणि ती गेली. अंधार पडेपर्यंत तिचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आम्ही टॉर्च घेऊन रात्री दोनपर्यंत फिरलो. शेवटी एका जुन्या ट्रेनरनं फोनवर सांगितलं की ती जिथून सुटली तिथे अंगातला कपडा आणि पाणी ठेवून घरी जा. शिकारी लोक हरवलेल्या कुत्र्यासाठी हेच करत आलेत. मी माझं जर्किन तिथे ठेवलं. पहाटे साडेपाचला गेलो तेव्हा चिमी त्यावर गोळा होऊन बसली होती, एक पंजा फाटलेला. वास लागलेला बीगल तुमची हाक ऐकत नाही असं म्हणण्यापेक्षा त्या क्षणी त्याला ती ऐकूच येत नाही असं मला वाटतं. उरलेल्या पाच वेळांपैकी एक वेळ हायवेच्या बाजूची असू शकते. म्हणून दहा मीटरची दोरी, किंवा चारी बाजूंनी भिंत असलेलं मैदान.

परत येण्याचा शब्द तरीही शिकवाच. त्यासाठी त्याचं नाव वापरू नका, ते दिवसभरात पन्नास वेळा घेतलं जातं. एखादा वेगळा शब्द घ्या, आमच्याकडे "चलाचला" होता. तो म्हणायचा आणि दर वेळी एरवी कधीच न मिळणारा खाऊ द्यायचा, दिवसातून चार-पाच वेळा, घरातच, तीन आठवडे. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग दोरीवर बाहेर. आणि तो दोन तासांनी परत आला तरी रागवायचं नाही. रागावलात तर पुढच्या वेळी तो परत यायलाच कचरेल. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) दिवाळीच्या आधी करून घ्या. फटाक्यांच्या आवाजानं पळालेली कुत्री दर वर्षी रस्त्यांवर भरकटलेली सापडतात.

आता ओरडणं, आणि सासूबाई. लाडू तुमच्याकडे आल्यापासून घरात कोणी ना कोणी असायचं. एकटं राहायचं कसं हे त्याला कधी शिकावंच लागलं नाही. कळपात जगण्यासाठी घडलेल्या जातीचा हा कुत्रा, आणि एका सोमवारी त्याचं दिवसभराचं माणूस नाहीसं झालं. तो ओरडतो तेव्हा तो तुम्हाला हाका मारतोय असं समजा.

पण हे माझं अनुमान आहे. खात्री करायला तुम्हाला एक काम करावं लागेल. जुना फोन हॉलमध्ये ठेवून तुम्ही गेल्यापासूनचा पहिला तास रेकॉर्ड करा. कंटाळलेला कुत्रा आधी झोपतो, खाऊ ठेवला असेल तर खातो, तासा-दीड तासानं उठून उचापती करतो, जिन्यात पावलं वाजली की ओरडतो आणि थांबतो. घाबरलेला कुत्रा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच सुरू होतो. दाराशी येरझाऱ्या, लाळ, दार किंवा चौकट ओरबाडणं, धापा, कधी जागेवरच शू. आणि समोर चिकन असलं तरी तो त्याला तोंड लावत नाही. बीगल खाऊला तोंड लावत नसेल तर त्याची भीती खरी आहे, यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

कंटाळा असेल तर वर सांगितलेलं नाकाचं काम निघण्याआधी आणि मावशी आल्यावर करून बरंच भागेल. मावशींना विश्वासात घ्या. एक वाजता आल्यावर त्यांनी फक्त मूठभर दाणे पॅसेजमध्ये विखरले तरी त्याच्या दुपारचे दोन तुकडे पडतात. भीती असेल तर खेळांनी भागणार नाही, एकटं राहण्याची सवय थेंबाथेंबानं लावावी लागते. दाराला हात लावा आणि परत बसा. दार उघडा, बंद करा, बसा. बाहेर दहा सेकंद. तीस. दोन मिनिटं. तो शांत असतानाच आत यायचं, आणि तो बेचैन झाला तर पुढच्या वेळी मागच्या पायरीवर यायचं. पहिल्या अर्ध्या तासापर्यंत पोचायला कित्येकांना दोन-तीन महिने लागतात. अर्धा तास नीट जमला की पुढचे तास भराभर येतात, हे मी वारंवार पाहिलंय.

अडचण ही की हा सराव चालू असताना त्याला रोज सहा तास एकटं ठेवलं तर सकाळी कमावलेलं दुपारी जातं. इथे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे आणि मी तुमच्या घरात बसलेलो नाही. दोघांपैकी कोणाला आठवड्यात दोन दिवस घरून काम मिळेल का? सोसायटीत एखाद्या निवृत्त आजी-आजोबांना दुपारी सोबत हवी असेल का? मावशींचे दोन तास वाढवून चालतील का? डे केअर असतं, पण जाऊन बघा. पंचवीस कुत्री एका हॉलमध्ये कोंडलेली असतील तर नको. सासूबाई परत येणार असतील तरीही हा सराव करा, कारण त्या पुन्हा कधीतरी जाणारच. सोबतीला दुसरा कुत्रा आणायचा विचार सध्या नको. ज्याला माणूस हवंय त्याचं दुसऱ्या कुत्र्यानं भागेलच असं नाही, आणि मग ओरडणारे दोन होतात.

भुंकणं थांबवणारे विजेचे किंवा फवाऱ्याचे पट्टे कोणी सुचवेल. ताई, कळवळून सांगतो, घेऊ नका. घाबरून हाका मारणाऱ्याला त्या हाकेबद्दल झटका द्यायचा हे क्रूर आहे, आणि त्यानं भीती वाढते. असे दोन बीगल माझ्याकडे आलेत, ओरडणं बंद झालं होतं आणि त्यांनी स्वतःचे पाय चाटून चाटून सोलून काढले होते.

सोसायटीपुरतं सांगायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. तो कागद जवळ ठेवा, पण बोलणी त्यानं सुरू करू नका. खालच्या मजल्यावर कोणी रात्रपाळी करून झोपत असेल, कोणाचं लहान बाळ असेल, त्यांचा त्रास खरा आहे. शेजारच्या चार घरी जा, काय उपाय चालू आहेत ते सांगा, आणि कोणत्या वेळी आवाज जास्त येतो ते विचारून घ्या. ती माहिती तुम्हालाही हवीच आहे.

खाण्याचं थोडक्यात. प्रौढ बीगलचं वजन साधारण ९ ते १४ किलो असतं. १५ किलो लाडूला जास्त आहे का हे काट्यापेक्षा बरगड्यांवरून ठरवा. अंगावरून हात फिरवल्यावर त्या सहज लागायला हव्यात आणि वरून बघताना कंबर दिसायला हवी. १२ किलोच्या, नसबंदी झालेल्या बीगलला दिवसाला साधारण ६०० ते ७०० कॅलरी पुरतात आणि एका तूप लावलेल्या पोळीत शंभराच्या वर असतात. घरातला प्रत्येक जण "फक्त अर्धीच" देतो आणि दिवसाच्या दोन पोळ्या होतात. वर सांगितलेल्या खेळांचा खाऊ त्याच्या रोजच्या मापातूनच काढायचा, वेगळा नाही. पोटभर जेवूनही तो भुकेलेलाच दिसेल, त्या डोळ्यांना भुलू नका. मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि कांदा-लसूण त्याला विषारी आहेत. दिवाळीत चिवड्यातल्या मनुका आणि शिऱ्यातले बेदाणे लक्षात ठेवा. ओल्या कचऱ्याची बादली सिंकखालच्या बंद कप्प्यात गेली की तो प्रश्न त्या दिवशी संपला. तोंडात काही पकडलं असेल तर ओढून घेऊ नका, त्याहून चांगलं देऊन सोडवा, नाहीतर वस्तू राखत गुरगुरायला शिकेल.

पावसाळ्यात फिरून आल्यावर कान आतून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत आणि कानामागे गोचीड बघा, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गावरची) लस चुकवू नका.

राहिला शेताचा प्रश्न. तुम्ही तो लाडूच्या भल्यासाठी विचारलाय हे मला कळतंय. शेत म्हटलं की मोकळं रान डोळ्यांपुढे येतं. पण शेतावर दिलेले जे बीगल मी पाहिले ते आठवडाभरात साखळीला बांधले गेले होते, कारण मोकळे सोडले की वासामागे निघून जात. हा राखणीचा कुत्रा नव्हे, चोराच्याही मागे शेपूट हलवत जाईल. त्यात ते शेत जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे असेल तर तिथे उसात बिबटे आहेत, आणि रात्री बाहेर बांधलेला कुत्रा त्यांना सहज मिळतो. एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याला रात्रभर रानात साखळीवर ठेवणं म्हणजे त्याचं आजचं दुखणं दसपट करणं.

दुसरं घर शोधणं हा मात्र गुन्हा नाही. तीन महिने मनापासून प्रयत्न करूनही तो रोज पाच-सहा तास भीतीत काढत असेल आणि तुमच्या नोकऱ्यांमध्ये काही बदलणं शक्य नसेल, तर दिवसभर माणसं असलेलं, कुंपण असलेलं घर त्याच्यासाठी शोधायला मी स्वतः मदत करेन. असं मी काही घरांना सांगितलंय आणि ते कुत्रे नव्या घरी सुखात आहेत. पण तुमच्याकडे अजून नाकाचं कामच सुरू झालेलं नाही.

उद्या जॉगिंग ऐवजी दोरी लावून मातीत जा, आणि निघताना दाराशी चिकनचा (किंवा पनीरचा) तुकडा ठेवून फोन रेकॉर्डिंगला लावा. व्हिडिओत तो पहिला आवाज कितव्या मिनिटाला काढतो आणि त्या तुकड्याला तोंड लावतो की नाही, एवढ्या दोन गोष्टी इथे लिहा. सासूबाई कोणत्या तारखेला गेल्या तेही आठवून लिहा. त्यावरून पुढची पायरी सांगतो.